बिंदूची व्याख्या विचारू नका

राज्य मंडळाच्या सहावीच्या गणितात पहिला धडा ‘भूमितीतील मूलभूत संबोध’. नववीत ‘गणित भाग २’ उघडलं की पहिला धडा पुन्हा तोच, अगदी नावासकट. मधल्या तीन वर्षांत पोराला मिसरूड फुटलेलं असतं, मुलगी आईच्या खांद्याला लागलेली असते. पण बिंदू म्हणजे काय असं विचारलं की दोघांचं उत्तर सहावीचंच. ‘ज्याला लांबी, रुंदी, जाडी नसते तो बिंदू.’ हे म्हणता म्हणता वहीवर पेन्सिल टेकवून एक ठिपका काढला जातो, आणि त्या ठिपक्याला या तिन्ही गोष्टी असतात. रेषेचंही तसंच. ‘दोन्ही बाजूंना अमर्याद’ म्हणायचं, पट्टी ठेवून सात सेंटिमीटरवर थांबायचं आणि टोकांना बाण काढायचे. बाण राहिले तर अर्धा मार्क गेला.

परळच्या एका अभ्यासिकेत मी संध्याकाळी या वयाच्या मुलांबरोबर बसते. मुलं चलाख आहेत, पण या सगळ्यात त्यांना काही खटकत नाही आणि मला नेमकं तेच खटकतं. गणितात पटलं नाही तरी लिहायचं असतं, ही खूणगाठ त्यांनी सहावीच्या जूनमध्येच बांधलेली असते.

माझं म्हणणं एवढंच आहे की बिंदू, रेषा आणि प्रतल या तीन गोष्टी आपण मुलांच्या हातात सगळ्यात आधी ठेवतो, आणि शिकण्याच्या वाटेवर त्या खरं तर बऱ्याच उशिरा यायला हव्यात. आधी हातात धरता येणारी वस्तू, मग तिचा पृष्ठभाग, मग कड, मग कोपरा, आणि कोपऱ्याचा विचार करता करता बिंदू. शिवाय या तिन्हींच्या व्याख्या तोंडी किंवा लेखी विचारणं बंद करावं. कारण त्यांना व्याख्याच नाहीत.

हे शेवटचं वाक्य माझं नाही. नववीचं पुस्तकच पहिल्या धड्यात सांगतं की आपण संख्यांची व्याख्या करत नाही, तशीच बिंदू, रेषा, प्रतल यांचीही करत नाही. सांगून होताच ते रेषा आणि प्रतल हे बिंदूंचे संच असल्याचं जाहीर करतं आणि पुढे निघतं. पुस्तक लिहिणाऱ्यांना सगळं ठाऊक आहे. वर्गात मात्र ती ओळ कुणी मोठ्याने वाचत नाही, कारण त्यावर प्रश्न येत नाही. आणि डायजेस्टमध्ये बिंदूची व्याख्या चौकटीत छापलेली असतेच.

युक्लिडपासून बघू. इ.स.पू. ३०० च्या सुमारास अलेक्झांड्रियात त्याने तेरा खंडांचा ग्रंथ रचला. पहिला खंड २३ व्याख्यांनी सुरू होतो आणि पहिली व्याख्या बिंदूची: ज्याला भाग नाही तो बिंदू. दुसरी रेषेची: रुंदी नसलेली लांबी. आपल्या वह्यांतली वाक्यं याच घराण्यातली. पण त्या खंडातली ४८ विधानं एकेक करून वाचा. समभुज त्रिकोणाच्या रचनेपासून निघून ४७ व्या विधानात पायथागोरसपर्यंत पोचेतो ‘ज्याला भाग नाही’ हे वाक्य युक्लिडला एकदाही लागत नाही. त्याला लागतात ती गृहीतकं. दोन बिंदू दिले की त्यांना जोडणारी रेषा काढता येते. कुठलाही बिंदू मध्य धरून हव्या त्या त्रिज्येचं वर्तुळ काढता येतं. सगळे काटकोन एकमेकांएवढेच असतात. बिंदू कशाचा बनलाय यावाचून त्याचं काही अडत नाही. बिंदूंच्या साहाय्याने काय करता येतं, त्यावर सगळं चालतं. १८९९ मध्ये जर्मन गणितज्ञ हिल्बर्टने भूमितीची नव्याने मांडणी केली तेव्हा त्याने व्याख्यांचा हा देखावाच काढून टाकला. बिंदू, रेषा, प्रतल ही तीन नावं घेतली, त्यांच्यातले संबंध सांगितले आणि थेट कामाला लागला. या तीन नावांच्या जागी टेबल, खुर्ची आणि बिअरचा मग म्हटलं तरी सगळं तसंच चाललं पाहिजे, असं तो म्हणे अशी कथा सांगतात.

त्याला सव्वाशे वर्षं होऊन गेली. तरी अकरा वर्षांच्या मुलाकडून आपण जे वाक्य घोकून घेतो, त्याचा युक्लिडलाही उपयोग झाला नव्हता आणि हिल्बर्टने तर ते लिहिलंच नाही.

‘मग सुरुवात करायची कुठून?’ असं एका शिक्षकमित्राने मला जरा चिडूनच विचारलं. बटाट्यापासून, असं मी म्हटलं ते त्याला थट्टा वाटली.

बटाटा घ्या. ओबडधोबड, कुठेही सपाट नसलेला. सुरीने एक काप द्या. त्या बटाट्याला आयुष्यात पहिल्यांदा एक सपाट पृष्ठभाग मिळाला. मुलांना त्यावरून अंगठा फिरवू द्या. आता दुसरा काप असा द्या की तो पहिल्या कापाला छेदून जाईल. दोन सपाट भाग जिथे भेटले तिथे एक कड तयार झाली. ती सरळ आहे. पट्टी कुणी लावली नव्हती, सुरी धरणाऱ्याचा हातही थरथरत होता, तरी काप सपाट बसले असतील तर कड सरळच येते. का येते यावर मुलांना भांडू द्या. दहा मिनिटं सहज जातात आणि ती वाया जात नाहीत. मग तिसरा काप. आता तीन सपाट भाग एकत्र येऊन एक टोकदार कोपरा झाला. दोन प्रतलं एका रेषेत छेदतात, तीन प्रतलं एका बिंदूत छेदू शकतात, हे नववीच्या भाषेतलं विधान सहावीच्या पोराच्या तळहातावर ओलं होऊन बसलेलं असतं.

आमच्याकडे एका मुलीने तो कोपरा सुरीने उडवला. तिला वाटलं, कोपरा नाहीसा होईल. बघते तर तिथे छोटा त्रिकोण तयार झालेला आणि त्याला तीन कोपरे. ‘ताई, एक काढला तर तीन आले!’ तिने त्यातला एक उडवला, पुन्हा तीन. शेजारचा मुलगा म्हणाला, ‘म्हणजे तू कोपरा काढतच नाहीयेस, बटाटा काढतेयस.’ मग कोपरा केवढा होता, असं मी विचारलं. दोघं गप्प. थोड्या वेळाने ती म्हणाली, ‘केवढा नव्हताच. नुसती जागा होती.’

लांबी, रुंदी, जाडी नसते ते हेच. फरक इतकाच की या वाक्यापर्यंत ती स्वतः चालत आली आणि वाटेत तिने दोन बटाटे संपवले. (त्या दिवशी अभ्यासिकेत काचऱ्या झाल्या.)

हा उलटा क्रम काही माझ्या डोक्यातून निघालेला नाही. बालवाडीचा जनक फ्रोबेल याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लहान मुलांसाठी खेळणी आखली, ती चेंडू, गोल, घन, दंडगोल अशा भरीव वस्तूंपासून सुरू होतात. मग सपाट चकत्या, मग काड्या, आणि ठिपक्यांएवढे दाणे शेवटी. युक्लिडमध्येही हा रस्ता आडून दिसतो, कारण रेषेची टोकं म्हणजे बिंदू आणि पृष्ठाच्या कडा म्हणजे रेषा असं तोही सांगतो. सिद्धता मांडताना बिंदूपासून घनाकडे जाणं सोयीचं असतं, तो तर्काचा क्रम. मूल येतं ते घनाकडून. प्रौढांना मांडणीसाठी सोयीचा असलेला क्रम आपण मुलांवर शिकण्याचा क्रम म्हणून लादला, आणि मूळ घोळ तिथे आहे.

यात १९६० च्या दशकातल्या ‘नव्या गणिता’चा हात मोठा. अमेरिका-युरोपात तेव्हा शालेय गणित संच आणि गृहीतकांवर उभं करायची लाट आली. रेषेवरच्या प्रत्येक बिंदूशी एक वास्तव संख्या जोडायची आणि अंतर म्हणजे त्या संख्यांमधला फरक, ही मांडणी बर्कहॉफ या गणितज्ञाने १९३२ मध्ये केली होती. ती त्या लाटेबरोबर शाळेत शिरली. आपल्या नववीतली ‘दरम्यानता’, म्हणजे एका रेषेवरच्या तीन बिंदूंपैकी मधला कोणता हे अंतरांवरून ठरवणं, त्याच कुळातली. मांडणी म्हणून ती देखणी आहे, मला स्वतःला आवडते. पण चौदा वर्षांच्या मुलाला ती ज्या अडचणीवरचं उत्तर म्हणून सुचली ती अडचणच कधी आलेली नसते. दादर हे चर्चगेट आणि बोरिवलीच्या दरम्यान आहे हे त्याला सिद्ध करायला सांगितलं की तो तुमच्या तोंडाकडे बघत राहतो.

नेदरलँड्समध्ये पियरे व्हॅन हिले आणि दिना व्हॅन हिले-गेल्डोफ या शिक्षक दांपत्याने १९५७ मध्ये आपापल्या प्रबंधांत याचं कारण नीट मांडलं. भूमितीची समज पायऱ्यापायऱ्यांनी चढते. आधी मूल आकार नुसता ओळखतं. मग त्याचे गुणधर्म सांगू लागतं. मग एका गुणधर्मातून दुसरा कसा येतो ते त्याला दिसतं. सिद्धता त्याच्याही पुढे. वरच्या पायरीवरून बोलणाऱ्याची भाषा खालच्या पायरीवरच्याला कळत नाही, शब्द ओळखीचे असले तरी. तपासून बघायचं असेल तर पाचवी-सहावीच्या मुलासमोर चौरस काढा आणि कागद पंचेचाळीस अंशांत फिरवा. बरीच मुलं सांगतील, ‘आता हा चौरस नाही, शंकरपाळा झाला.’ किंवा चाळीस अंशांचे दोन कोन काढा, एकाच्या भुजा बोटभर आणि दुसऱ्याच्या वीतभर. मोठा कोणता? वीतभरवाला. कोनमापक लावल्यावर दोन्हीकडे चाळीस येतात तेव्हा मुलाचा पहिला संशय कोनमापकावर जातो. हे बघितल्याशिवाय त्याला ‘दोन किरणांचा आरंभबिंदू समान असेल तर…’ असं शिकवू लागलं, की ते लिहून घेतं.

वर्गात दिली जाणारी उदाहरणं तर मुलांना आणखी गोंधळात पाडतात. समांतर रेषा म्हटलं की रेल्वेचे रूळ, हे आपल्याकडे ठरलेलं. मुंबईच्या मुलाला रूळ कोण सांगणार? माहीम सोडून गाडी बांद्र्याकडे वळते तेव्हा दारात उभा राहणारा प्रत्येक जण एका बाजूला रेलतो. रूळ तिथे वाकलेत. दोन रुळांमधलं अंतर मात्र १६७६ मिलिमीटरच्या आसपास राहायलाच हवं, नाहीतर चाक उतरेल. म्हणजे रूळ हे समान अंतराचं उत्तम उदाहरण आहे, सरळ रेषांचं नाही. वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा लांब असतो हेही मुलांना लगेच पटतं, पटांगणात गोल धावताना बाहेरच्या फेरीत कोण दमतं ते त्यांना माहीत असतं. आणि कारशेडपाशी तर रूळ एकमेकांत शिरतात. एवढं सगळं बोलता येण्यासारखं असताना आपण ‘रूळ समांतर असतात’ म्हणतो आणि पान उलटतो.

त्याहून मोठी गंमत अंधेरीला आहे. पश्चिम रेल्वेचे रूळ खालून उत्तर-दक्षिण जातात आणि २०१४ पासून मेट्रो त्यांच्या वरून आडवी जाते. दोन्ही कधी भेटत नाहीत. समांतर आहेत का? मी विचारलं तेव्हा जवळजवळ सगळ्यांचं उत्तर ‘हो, कारण भेटत नाहीत.’ पुस्तकातली व्याख्या त्यांना पाठ होती: एकाच प्रतलात असून एकमेकींना न छेदणाऱ्या रेषा. ‘एकाच प्रतलात’ हे शब्द प्रत्येकाने लिहिलेले होते आणि एकानेही वाचलेले नव्हते. अंधेरीच्या पुलावर उभं राहिलेलं मूल हे शब्द गाळू शकत नाही. ते गाळले तर मेट्रो आणि लोकल समांतर ठरतात, आणि तसं नाही हे त्याला डोळ्यांनी दिसत असतं. व्याख्येतला एखादा शब्द तिथे कशासाठी आहे हे कळणं म्हणजेच व्याख्या कळणं. भूमितीत शिकण्यासारखं जर काही असेल तर ते हे.

बिंदूसाठीही शहर कामाला येतं. ब्रिटिशांनी मुंबईत मैलाचे दगड बसवले तेव्हा अंतर मोजायला सुरुवात कुठून करायची हा प्रश्न होता, आणि त्यांनी फोर्टातलं सेंट थॉमस कथीड्रल शून्य धरलं. केवढी थोरली इमारत! तिच्या आत शेकडो माणसं बसतात. पण दादर तिथून किती मैल, हे सांगताना ती अख्खी इमारत एक बिंदू असते. नकाशावर अंधेरी स्टेशन बिंदू असतं आणि गाडी चुकलेल्या माणसाला तेच एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावूनही संपत नाही. बिंदू ही वस्तूंची एखादी जात नाही, आपण वस्तूकडे बघताना काय सोडून द्यायचं ठरवतो त्याचं ते नाव. हे मी प्रौढांच्या भाषेत लिहिलंय. मुलांशी बोलताना ‘नुसती जागा’ पुरतं.

आता एका गोष्टीबद्दल थोडं कडवट बोलणं भाग आहे. हल्ली भाषणांतून शुल्बसूत्रांचा उल्लेख वारंवार होतो. बौधायनाने पायथागोरसच्या आधी तो सिद्धांत सांगितला, आपल्याला अभिमान वाटला पाहिजे वगैरे. वाटावाच. पण ती सूत्रं आहेत दोरी आणि शंकू (म्हणजे उभी रोवायची खुंटी) घेऊन जमिनीवर वेदी आखणाऱ्यांची. पूर्व-पश्चिम रेषा कशी काढायची हे कात्यायनाच्या शुल्बसूत्रात सांगितलंय: सपाट जमिनीवर शंकू रोवा, भोवती दोरीने वर्तुळ काढा, सावलीचं टोक सकाळी वर्तुळाला जिथे शिवेल तिथे खूण करा, दुपारनंतर पुन्हा जिथे शिवेल तिथे दुसरी, आणि दोन्ही खुणा जोडा. अर्ध्या दिवसात मुलांना बिंदू, रेषा, वर्तुळ, त्रिज्या हे सगळं मिळतं, आणि प्रत्येकाचं तिथे काहीतरी काम असतं. किती शाळांत हे करून घेतात? त्या परंपरेच्या अभिमानाचं वाक्य फळ्यावर लिहिलं जातं, वहीत उतरतं, आणि दोरी काही कुणाच्या हातात येत नाही. युक्लिडचा ग्रंथही आपल्याला परका नाही. सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तो अरबीवरून ‘रेखागणित’ म्हणून संस्कृतात आणला, आणि तो १९०१-०२ मध्ये छापला गेला तो इथे, मुंबई संस्कृत ग्रंथमालेत. आपलं की परकं या वादात मला रस नाही. मुलाच्या हातात दोरी आहे की नुसतं पेन, एवढंच मी बघते.

हातात दोरी असलेली माणसं मुंबईत कमी नाहीत. लादी बसवणारा मिस्त्री खोलीत शिरला की आधी दोरा ताणतो. कोपऱ्यातून एका भिंतीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट मोजतो आणि दोन खुणांमधलं अंतर पाच भरतं का बघतो. भरलं नाही तर ‘भिंत गुण्यात नाही’, म्हणजे काटकोनात नाही, म्हणून मालकाला बोलावतो. आमच्या मुलांपैकी एकाचे वडील हेच काम करतात. पायथागोरसचा व्यत्यास दहावीत पाठ करताना त्याला कुणी सांगितलं नव्हतं की तो घरी रोज वापरला जातो. घरच्या शिलाईतून, चामड्याच्या पिशव्यांच्या कापणीतून धारावीतल्या मुलांकडे गणिताचं कोणतं ज्ञान आधीच असतं, यावर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात संशोधन झालेलं आहे. म्हणजे सामग्री आहे, अभ्यासक आहेत. वर्गाचं दार तेवढं बंद आहे.

आक्षेप मला माहीत आहेत. वर्गात साठ मुलं, पटांगण नाही, पोर्शन संपवायचा. यातला पटांगणाचा मुद्दा मी मानत नाही. घड्या घालायला कागद पुरतो. कागद कसाही दुमडा, घडी सरळच येते. ती घडी तिच्यावरच दुमडली की काटकोन मिळतो, पट्टी नाही की गुण्या नाही. टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्ये मद्रासहून कागदाच्या घड्यांच्या भूमितीवर आख्खं पुस्तक काढलं आणि त्याची दखल थेट जर्मनीत फेलिक्स क्लाइन या गणितज्ञाने घेतली. रद्दीच्या कागदावर होणाऱ्या गोष्टीला जागा नाही हे कारण चालणार नाही. महापालिकेच्या शाळा आठ भाषांत चालतात. घडी आठही भाषांत सारखीच पडते.

वेळेचा मुद्दा खरा आहे, पण तो उलटा फिरवून बघावा. सहावीत व्याख्या, नववीत पुन्हा त्याच व्याख्या, दहावीत सिद्धता पाठ, आणि आकृतीत एबीसीच्या जागी पीक्यूआर आलं की सगळं कोसळलं. मग जादा तास. वेळ जातोच आहे, फक्त तो शेवटी जातो आणि त्याची फी पालक भरतात.

गंभीर आक्षेप तिसरा आहे. असं बटाटे कापत बसलात तर मुलांना काटेकोरपणा येणार कसा? भूमिती म्हणजे तर्कशिस्त. पक्ष, साध्य, सिद्धता. तीच काढून घेतली तर उरलं काय, हस्तकला? ज्यांनी हे मला विचारलं त्या बाई स्वतः उत्तम शिकवतात आणि त्यांची भीती अनाठायी नाही. गंमतजंमत करून गणित सोपं केल्याचा आव आणणारे कार्यक्रम मीही पाहिलेत. पण तर्कशिस्तीची पहिली अट काय? काय मानलं आणि काय सिद्ध केलं यातली सीमा स्वच्छ ठेवणं. ज्या गोष्टीची व्याख्या होत नाही तिची व्याख्या म्हणून एक वाक्य पाठ करायला लावलं की ती सीमा पहिल्याच तासाला पुसली जाते. ‘या तीन गोष्टी आपण सांगणार नाही, त्या एकमेकींशी कशा वागतात ते ठरवू आणि बाकी सगळं त्यातून काढू’ असं मुलांना सरळ सांगितलं तर ती बिचकत नाहीत. खेळाचे नियम आधी ठरवून मग भांडायचं, हे त्यांना गल्लीतल्या क्रिकेटमुळे आपल्यापेक्षा चांगलं समजतं. काटेकोरपणा मलाही हवा आहे. तो नववीत, पोटभर वस्तू हाताळून झाल्यावर, आणि खरा हवा.

राहिला मार्कांचा मुद्दा, ज्यापुढे बाकी सगळे मुद्दे मान टाकतात. गिरणगावातल्या पालकाला मी फ्रोबेल सांगू शकत नाही; त्याच्या मुलीला दहावीत गुण पडले पाहिजेत आणि तो म्हणतो ते बरोबर आहे. म्हणून बदल परीक्षेपासूनच करावा लागेल. नववी-दहावीत बीजगणित ४०, भूमिती ४० आणि २० गुण अंतर्गत. हे वीस गुण आज गृहपाठाच्या वह्या आणि बहुपर्यायी प्रश्नांवर निघून जातात. त्यातले पाच तोंडी भूमितीला द्या, आणि सहावीपासून घटक चाचण्यांतही तीच सवय लावा. बिंदूची, रेषेची, प्रतलाची व्याख्या विचारायची नाही असं एक परिपत्रक काढा. त्याला एक पैसा लागत नाही.

‘पण तोंडी तपासायचं कसं? मनमानी होईल,’ असं त्याच बाईंचं म्हणणं होतं. तर मुलाच्या हातात खडूचा रिकामा खोका द्यावा आणि सांगावं: याच्या अशा दोन कडा दाखव, ज्या कितीही वाढवल्या तरी भेटणार नाहीत आणि तरीही समांतर नाहीत. पोरगं खोका फिरवतं, वरच्या एका कडेवर बोट ठेवतं, दुसऱ्या हाताने खालची, आडवी जाणारी कड शोधतं. बरोबर दाखवली की दोन गुण. मग ‘समांतर का नाहीत?’ एवढंच विचारायचं. दोन्ही कडा एका सपाट फळीवर एकदम टेकत नाहीत, असं त्याने आपल्या शब्दांत सांगितलं की उरलेले तीन. ‘प्रतल’ हा शब्द आला नाही म्हणून गुण कापायचे नाहीत.